पावतीमागची ओळ

मस्कतच्या ज्या लाँड्रीत मी सहा वर्षं काम करतोय, तिथल्या पावतीमागे इंग्रजीत एक बारीक ओळ छापलेली आहे. मी आठवीत शाळा सोडलेली, त्यामुळे ती कधी वाचलीच नाही. मालकाने परक्या मुलखात पोटापाण्याला लावलं, त्या उपकारापुढे ओळीची चौकशी कोण करतो?

काल एक म्हातारबाबा बायकोची शाल न्यायला आले. मधे ती वारली, म्हणून उशीर झाला म्हणाले. पावतीवरचा नंबर बघून मला आठवलं. ती शाल गेल्याच आठवड्यात मी कचऱ्याच्या गाडीत टाकली होती. तीन महिने झाले की टाकायचं, एवढंच मला माहीत.

काउंटरवरच्या लिसीताईंनी पावती उलटी करून अर्थ सांगितला, "वेळेत नेले नाहीत, तर कपडे टाकून दिले जातील."

"मग चूक माझीच," म्हणत बाबा उठले.

मी त्या ओळीकडे बघतच राहिलो. इथे बसमध्ये, दवाखान्यात, सगळीकडे असंच लिहिलेलं, लोकांनी वाचून दाखवलेलं. उशीर झाला तर दंड केला जाईल, हरवलं तर भरून दिलं जाणार नाही. करणारा माणूस कुठेच नाही! त्या ओळीमागे मीही गुपचूप उभा राहिलो असतो, तर नोकरीला धक्का नव्हता.

"बाबा," मी हाक मारली, "शाल मी टाकली. याच हातांनी. निळी होती, काठाला पांढरी फुलं."

दारातून ते वळले.

"फुलंसुद्धा आठवतात तुला?" म्हणाले, आणि परत येऊन बसले.