सहा पाळ्या, पाच मॉडरेटर

आमच्या बुलेटिन बोर्डाला किती मॉडरेटर हवेत, हे मी एका रविवारी सकाळी चहा पिता पिता ठरवून टाकलं. त्या ठरवण्याचा मला पुढे इतका पस्तावा होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. इंटरनेट अजून घरोघरी यायचं होतं. माझ्या डोंबिवलीच्या घरात एक कॉम्प्युटर आणि तो फोनलाइनला जोडणारा एक मोडेम होता. घरचा फोन एकच, म्हणून बायकोने संध्याकाळी सात ते नऊ एवढीच परवानगी दिलेली. त्या दोन तासांत ठाण्या-कल्याणकडचे पंचवीसेक लोक आपापल्या कॉम्प्युटरवरून माझा नंबर लावायचे, इंग्रजी अक्षरांत मराठी मजकूर टाकायचे, इतरांचा वाचायचे आणि फोन ठेवायचे. लाइन एक, त्यामुळे एका वेळी एकच माणूस, आणि प्रत्येकाला वीस मिनिटं. म्हणजे सगळ्यांत मिळून रोज फक्त सहा पाळ्या.

सातच्या ठोक्याला पहिला फोन विठ्ठलवाडीच्या एका निवृत्त भूगोलशिक्षकांचा असायचा. आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो. पत्नी वारलेली, मुलगा अमेरिकेत. जाताना तो आपला कॉम्प्युटर वडिलांकडे ठेवून गेलेला. सर दोन बोटांनी टाइप करत. वालधुनी नदीला आज पाणी किती, मंडईत कुठली भाजी आली, नकाशात हमखास चुकणारा त्यांचा एक विद्यार्थी आता ट्रक घेऊन देशभर कसा फिरतो, असलं काहीबाही लिहायचे. एकदा त्यांनी लिहिलं होतं, "दिवसभरात माझं बोलणं होतं ते एवढंच." मी ते वाचलं आणि पुढच्या मजकुराकडे वळलो.

मग भांडण झालं. डोंबिवली पूर्व चांगली की पश्चिम, यावरून दोघं एकमेकांच्या आईबापांपर्यंत पोचले. बोर्डावर लक्ष ठेवणारा कुणीतरी, म्हणजे मॉडरेटर, हवा हे उघड होतं, म्हणून रविवारी सकाळी काही जणांना घरी चहाला बोलावलं. माझी उमेदवारी गणपती मंडळात गेलेली, त्यामुळे माणसं नेमायची पद्धत मला एकच ठाऊक होती: कुणी रुसता कामा नये. ठाण्याचा एक घेतला. लगेच कळव्याचा म्हणाला, "अरे, ठाण्याचा घेतलास, आम्ही काय खाडीत राहतो काय?" त्यालाही घेतलं. डोंबिवली पूर्वेचा घेतल्यावर पश्चिमेचा म्हणून कोपरचा घ्यावाच लागला. कल्याणचा आपणहून आला. झाले पाच. त्यांची नावं बोर्डावर जाहीरही केली. पाचांनी एकाच वेळी फोन लावू नये म्हणून मी त्यांच्यापुरतं पाळीपत्रक आखलं, पट्टीने रेघा मारून: सात वाजल्यापासून प्रत्येकाला वीस मिनिटं. आठ चाळीसनंतर लाइन सभासदांना मोकळी.

मला गुणाकार येत नव्हता अशातला भाग नाही. पण पाच जणांचं समाधान केल्याच्या आनंदात तो करायचं सुचलंच नाही.

पाचही जण इमानाने राबायचे. "आज आक्षेपार्ह काही नाही" हे बोर्डावर रोज पाच वेळा उमटायचं. महिन्याभरात आक्षेप घ्यायला मजकूरच उरला नाही, तेव्हा त्यांनी नियम करायला घेतले. सरांचं लिखाण बंद झालं होतं. मला वाटलं, कंटाळले. खरं सांगायचं तर मला त्यांचा रागच आला. आपण एवढा खटाटोप करायचा आणि यांनी मध्येच सोडून द्यायचं!

एका संध्याकाळी बायको माझ्या मागे उभी राहून पडद्याकडे बघत होती. म्हणाली, "सोसायटीच्या मीटिंगला नुसती कमिटीच हजर असते ना, तसं झालंय तुमचं. रोज तीच पाच नावं." तुला त्यातलं काही कळत नाही, असं मी तिच्यावर खेकसलो. ती आत गेल्यावर पाळीपत्रक काढून बघितलं. सातची पाळी ठाण्याच्या मॉडरेटरची होती. सरांची पाळी मीच, माझ्या हाताने, पट्टीने रेघ मारून काढून घेतली होती.

सरांना फोन करायचं ठरवलं. आज करू, उद्या करू. पण त्यांना बोलवायचं तर पाचातल्या निदान एकाला घरी बसवायला हवं होतं, आणि तो वाईटपणा घ्यायची हिंमत माझ्यात नव्हती. असे पंधरा दिवस गेले.

मग कल्याणच्या मंडईत सरच समोर आले. हातात मेथीची जुडी. मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"अभिनंदन हो तुमचं! महिनाभर रोज सातला लावत होतो, रोज एंगेज. आधी जरा वाईट वाटलं. मग म्हटलं, केवढी माणसं जमली यांच्याकडे! म्हाताऱ्याने कशाला जागा अडवायची? परवा तो कॉम्प्युटर शेजारच्या मुलीला देऊन टाकला. शिकेल तरी."

माणसं जमली नव्हती, आम्ही पाच-सहा जणच लाइन अडवून बसलो होतो, एवढंच मला सांगायचं होतं. ते ऐकून ते कदाचित हसले असते. कदाचित त्या मुलीकडून कॉम्प्युटर संध्याकाळपुरता मागूनही घेतला असता.

"पण एवढ्या गर्दीला पाच माणसं पुरतात का?" त्यांनी काळजीने विचारलं. "आणखी दोघं घ्या."

"हो सर, बघतो," मी म्हणालो. त्यांनी अभिनंदनासाठी पुढे केलेला हात मी हातात घेतला, आणि वर आभारही मानले.