हा लाँगच्या बोटीवरची दुपार

सकाळी ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हलने उपसावा आणि संध्याकाळी पुन्हा तेवढाच साचलेला असावा, असे एडमंटनचे दिवस चालले होते. त्यातच टोरोंटोहून मुलीचा फोन आला, की तिने आम्हा दोघांची व्हिएतनामची तिकिटं काढलीत. मला जायचं नव्हतं. थंडीच्या सुरुवातीला हे ग्रोसरी घेऊन निघाले आणि इतकी वर्षं राहतोय त्याच घराचा रस्ता चुकले होते. एकदा भाजीची पिशवी कपड्यांच्या कपाटात सापडली. मुलीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. जन्मभर कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलेल्या माणसाबद्दल असं बोलायला जीभ रेटेना.

व्हिएतनाममधल्या हा लाँग उपसागरात बोट शिरली तेव्हा मात्र वाटलं, आलो ते बरं झालं. हिरवट संथ पाणी आणि त्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे डोंगर, जवळचे झाडीने गर्द, लांबचे धुक्यात करडे. लाटांनी पायथ्याचा खडक आत कोरून नेलेला. हे कठड्याला धरून बघत होते. शेजारी आमच्याच कॅनडातल्या सस्काटूनचं एक निवृत्त जोडपं उभं होतं. त्यातल्या बाईंनी सहज विचारलं, हे एवढे सुळके समुद्रात आले कुठून? आणि हे बोलायला लागले. इथला जुना उथळ समुद्र, शिंपल्यांचा गाळ, पावसाच्या पाण्यात विरघळत जाणारी चुनखडी, मग समुद्र वर चढून बुडालेल्या दऱ्या. एक शब्द अडखळला नाही. हळूहळू डेकवरची सगळी माणसं भोवती जमली. मी मागे उभी राहून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, काही झालेलं नाही ह्यांना, मीच उगाच घाबरते.

दुपारी एक गुहा बघून परत आलो. मी आंघोळ करून बाहेर आले तर हे खोलीत नव्हते. डेकवर नव्हते, जेवणाच्या हॉलमध्येही नव्हते. कठड्यावरून खाली पाण्याकडे बघायचा धीर होईना. तेवढ्यात खालच्या मजल्यावरून त्या सस्काटूनच्या बाईंचा घाबरलेला आवाज आला.

त्यांच्या खोलीचं दार उघडं होतं. त्या टॉवेल गुंडाळून भिंतीला टेकून उभ्या होत्या. हे त्यांच्या पलंगावर बनियन आणि चड्डीवर आडवे झाले होते. पँट नीट घडी करून खुर्चीवर ठेवलेली. बाईंचा नवरा हलक्या आवाजात समजावत होता आणि हे त्यालाच सांगत होते, की ही माझी खोली आहे, तुम्ही बाहेर जा. पॅसेजमध्ये माणसं गोळा झाली होती. सकाळी व्याख्यान ऐकणारी तीच माणसं.

मी इंग्रजीत म्हणाले, "सॉरी, जेवताना ह्यांना वाईन जरा जास्त झाली."

ह्यांनी उभ्या आयुष्यात दारूला हात लावलेला नाही. ते उठून बसले, माझ्याकडे बघितलं आणि मराठीत, फक्त मला ऐकू जाईल असं म्हणाले, "मी प्यायलो नाही गं."

"चला आता," मी म्हटलं. एका हातात त्यांची पँट आणि दुसऱ्या हातात त्यांचा दंड धरून त्या सगळ्यांमधून त्यांना घेऊन गेले.

कोणी रागावलं नाही. रात्री जेवताना त्या बाईंच्या नवऱ्याने वाईनची बाटली गप्पांच्या ओघात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला सरकवली. खडकांबद्दल ह्यांना पुन्हा कोणी काही विचारलं नाही. बोट सुळक्यांमधून चाललेली आणि मी ताटाकडे बघत बसलेली. दुपारी त्या दारात मला ह्यांची लाज वाटली होती. आता वाटत होती ती माझी होती, आणि ती जास्त जड होती. आजार आहे असं म्हणण्यापेक्षा नवऱ्याला दारुडा ठरवणं मला सोपं गेलं होतं.

सकाळी त्या बाई डेकवर एकट्या दिसल्या. खरं काय ते सांगायचं ठरवून मी गेले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात थोपटला आणि म्हणाल्या, सुट्टीत होतं असं, मनावर घेऊ नका. मी थँक यू म्हटलं आणि परत फिरले.

घरी आल्यावर मात्र मुलीला फोन करून सगळं सांगितलं. वाईनचंसुद्धा. ती म्हणाली, "आई, आय नो. बाबा मला फोनवर तेच तेच विचारतात. म्हणून तर तिकिटं काढली. आत्ताच जाऊन या, असं वाटलं."

पुढच्या आठवड्यात ती आली आणि आम्ही तिघं डॉक्टरकडे गेलो. तिथे मी काही लपवलं नाही. पण सस्काटूनच्या त्या जोडप्याचा पत्ता मी घेतला नव्हता. हा लाँगचा विषय निघाला की ते आजही कुणाला तरी त्या पिऊन आलेल्या प्रोफेसरची गोष्ट सांगत असतील.