सुनबाईची एन्ट्री अन् शेवंताची ओसरी

सुनेले नव्या घरात "एन्ट्री" पाहिजे होती. मी म्हटलं, दार बसव, होते एन्ट्री. तर तिनं मोबाईलमंदी फोटो दाखवला. दार उघडलं की समोर लांबडा आरसा, बसायले बाक, चपलांचं कपाट, कोपऱ्यात पितळेच्या हंड्यात झाड. बरं दिसे. फक्त तिथी माणूस एकबी नव्हता.

मंग मीच म्हटलं, दारातली बसायची जागा पाहायची असन तर शेवंताच्या घरी चाला. शेवंता माही लहान बहीण. गडचिरोलीच्या पुढं, आरमोरीच्या रस्त्यानं आत गेलं की जंगलाच्या काठावर तिचं गाव. ओसरी अशी की वाटेनं जाणारा टेकल्याबिगर पुढं जात नसे. सागाचे खांब, रुंद ओटा, पाय धुवायले रांजण, कंदिलाची खुंटी, समदं तिच्या नवऱ्यानं हातानं केलेलं. नात पिंकी लगेच फोटो काढायले तयार झाली. हे तुम्ही वाचून राह्यले तेबी तिनंच लिहिलं. मी सांगतो, ती लिहिते, अन् मधामधात माह्या शिव्या गाळते.

पण फोटो हे निमित्त. मले शेवंताले घेऊन यायचं होतं. मोहाच्या दिवसांत तिचा नवरा फुलं वेचायले गेला अन् वाघानं नेला. पोरबाळ नाई तिले. तेरवीलेच म्हटलं, चाल माह्यासंगं. आली नाई. फोन केला की म्हणे, "धान निघू दे." आता धानबी निघालं होतं. म्हटलं, पाहतो आता काय सांगते.

सकाळी चंद्रपुरातून एसटी धरली. माह्या वयाले तिकीट नाई, पिंकीले अर्धं. संगं पुरुष नेला तर त्याचे पुरे पैसे लागतात, म्हणून नेला नाई. वाटेत मूल गाव लागते, तिथल्या स्टँडवर तर्री-पोहा नक्की खा. तर्रीनं पिंकीच्या डोळ्यात असं पाणी आलं की शेजारची बाई विचारे, "पहिल्यांदाच सासरी चालली का वं?"

मूलपासून झाडी लागते. रस्ता गुळगुळीत हाय, झोप येते. वैनगंगेचा पूल आला तशी मी पिंकीले उठवलं. गडचिरोलीत पुढच्या गाडीले वेळ होता म्हणून काळीपिवळी केली. ड्रायव्हरनं आधीच बजावलं, "आजी, वापस येनं असन तर दिवस असतानाच निघा. उन्हं कलली की मी थांबत नाई."

"वाघाले भेतो का?"

"वाघाले नाई, बायकोले. उशीर झाला की घरात घेत नाई."

गाडीतले समदे हसले. मंग डांबर सोडून गाडी आत वळली, झाडी दोन्ही अंगानं जवळ आली, अन् हसणं आपोआप बंद पडलं.

गावात पिंकीनं फोटो सुरू केले. एका घरी दारापुढं बोरीच्या काट्यांचा ढीग. एका ओसरीले खालपासून वरपर्यंत लोखंडी जाळी, आत बकऱ्या. एका दारावर रिकामे डबे टांगलेले, धक्का लागला की वाजतात.

"आजी, हे डेकोरेशन हाय?"

"हो," मी म्हटलं, "पाहुणा कोण येते त्याच्यावर डेकोरेशन असते."

शेवंताचं घर मी ओलांडून पुढं गेली. ओळखलंच नाई. ओटा होता, खांब होते. दार नव्हतं. दाराच्या जागी भिंत. मातीच्या विटा रचल्या, लिंपल्या, वरून पांढरी मातीबी फिरवली होती. खाली उंबरठा तेवढा बाहेर राह्यला होता. फोटो काढायले आलो ते दारच नाई, पिंकी मोबाईल धरून उभी.

"मागून ये वं बाई," भिंतीतून आवाज आला.

कोठ्यातून, बैलाच्या शेपटीजवळून वाकून आत गेलो. भर दुपारी अंधार. शेवंता वाळून गेली होती.

"म्हातारी झाली वं," मी म्हटलं.

"तू कुठी जवान राह्यली?"

तिनं काळा चहा दिला, मंग भात अन् लाखोळीची डाळ वाढली. आम्हीच जेवलो. ती वाढतच राह्यली.

"वाघाच्या भेवानं बुजवलं का दार?" मी विचारलं.

"वाघ काय कडी वाजवून येते? यायचं असन तर छपराचे कवेलू फोडून येईन."

"मंग काऊन?"

"माह्यासाठी बुजवलं."

पिंकीनं मोबाईल खाली ठेवला.

"त्या दारातून सरळ जंगलाची वाट दिसे. तिथी उभी राहूनच त्याले जाताना पाह्यलं, डोक्यावर टोपली घेऊन. सांज झाली की मी उंबरठ्यात. आधी उंबरठ्यात, मंग आंगणात, मंग चिंचेपर्यंत. एका दिवशी झाडीत शिरली, पायात चप्पल नाई. लोकायनं धरून आणलं. दुसऱ्या दिवशी मीच माती भिजवली."

मी ताट बाजूले सारलं.

म्हटलं, "चाल घरी."

"वर्ष नाई झालं. नवीन घराच्या वास्तूत हे पांढरं कपाळ आणू?"

"माहं काय हिरवं हाय? मीबी बसन ना बाजूले. दोन अपशकुन एकाजागी आले की कटून जातात."

ती हसली. दात दोन कमी झाले होते, पण हसली. मंग उठून गाठोडं बांधायले लागली. मागचं दार लावलं, बैल शेजाऱ्याच्या हवाली केला, अन् लोटा घेऊन समोर गेली. बुजवलेल्या दाराचा उंबरठा धुतला. हातानं पुसला. तिकडून ड्रायव्हर हॉर्न वाजवून ओरडे, "आजी, बायको!" उन्हं खरंच कलली होती. परतीत शेवंता खिडकीजवळ बसली नाई.

वास्तू झाली. सून काई बोलली नाई, तिची आई बोलली, तिले मी बोलली. सुनेनं दारात रांजण ठेवला, पाय धुवायले. त्यात प्लास्टिकची फुलं हायत. आरसा आला, बाक आला. दार उघडलं की बाहेर समोर झुडपं अन् त्यामागं वीजघराची धुराडी.

पहिल्याच सांजेले शेवंता उठून दाराकडं चालली. मी बाक ओढला, दाराकडं पाठ होईन असा ठेवला, अन् तिले हात धरून बसवलं. बसली. दुसऱ्या दिवशीबी तिथीच बसली. मले वाटलं, मी जितली.

मंग एका सांजेले मी तिच्याजवळ टेकली. समोर सुनेचा आरसा. त्यात उघडं दार, पायरी, रस्ता, पार झुडपापर्यंत.

"काय पाहून राह्यली वं?"

"काई नाई," ती म्हणे. "इथूनच दिसते. उठा लागत नाई."

सून विचारते, आरसा काढून टाकू का. मी नाई म्हटलं. आरसा हाय तंवर ती बसून तर हाय. पिंकीले या जागेचा फोटो टाकायचा होता, तो मी टाकू दिला नाई.

आता रोज सांजेले आम्ही दोघी त्या बाकावर असतो. आरशात दोन बुढ्या दिसतात अन् मागं दार. ती दाराकडं पाहते. मी तिच्याकडं पाहतो.