मधला चौकोन

मला बघायला आले तेव्हा नानांनी, माझ्या होणाऱ्या सासऱ्यांनी, मला गाणं म्हणायला सांगितलं नाही, की स्वयंपाक येतो का असंही विचारलं नाही. पोह्यांची बशी त्यांनी बाजूला सरकवली, खिशातलं बॉलपेन काढलं आणि आमच्याच पेपरच्या कोऱ्या कडेवर फुल्ली-गोळ्याचा एक भरलेला डाव काढून माझ्यापुढे धरला. वरची आडवी ओळ सगळी फुल्ल्यांची, उजवीकडची उभी ओळही सगळी फुल्ल्यांची आणि उरलेल्या चार चौकोनांत गोळे.

"शेवटची खूण कुठली पडली, सांग बघू," नाना म्हणाले.

"कोण जिंकलं ते सांगते. शेवटी काय पडलं ते मला कसं कळणार? मी काय तिथं होते?"

"होतीस असं समज. आणि तिथून मागे मागे ये."

मी मागे आले नाही. उत्तर त्यांनी सांगितलं नाही. पाहुणे गेल्यावर वडील माझ्यावर उखडले. एवढं चांगलं स्थळ मी तोंडाने घालवलं, असं त्यांचं ठाम मत झालं. आठवड्याभरात रत्नागिरीहून होकार आला. हे १९९८ सालचं. आंबा घाट उतरून हातखंब्याला पोचेपर्यंत आमच्या कोल्हापूरच्या वऱ्हाडातले निम्मे लोक ओकून रिकामे झाले होते, आणि माझ्या डोक्यात अक्षता पडत असतानाही तो मेला चौकोनच फिरत होता.

उत्तर सापडलं ते लग्नानंतर, आंबोळ्यांचं पीठ ढवळताना. दोन्ही ओळी उजव्या वरच्या कोपऱ्यात एकमेकींना मिळत होत्या. एक ओळ आधी पुरी झाली असती तर डाव तिथेच संपला असता, दुसरी पुरी करायला कोण बसलं असतं? म्हणजे दोन्ही एकदमच पुऱ्या झाल्या. आणि एका खुणेत दोन्ही पुऱ्या करणारी जागा एकच, तो कोपरा. मी पिठाच्या हातानेच पडवीत धावले आणि नानांना सांगितलं. नाना "हं" म्हणाले आणि त्यांनी लगेच दुसरा डाव काढला. शाबासकी नाही, काही नाही. ह्या माणसाबरोबर एका छपराखाली दिवस काढणं सोपं जाणार नाही, हे मला त्या दुपारीच कळलं.

नाना वीजखात्यातून निवृत्त झाले होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, त्यामुळे घरात नाना, माझा नवरा सुहास आणि मी. नोकरीत नानांचं काम बिघाड शोधण्याचं. विझलेल्या दिव्यापासून निघायचं आणि तारेच्या मागे मागे जात, तुटलं कुठे तिथवर पोचायचं. ती सवय निवृत्तीनंतर त्यांनी घरात आणली. "झालं ते समोर आहे ना? मग कशाशिवाय ते झालंच नसतं, तेवढं विचार," हे त्यांचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं, की आमटी खारट झाली तरी मला कापरं भरायचं. दुसऱ्या घरात सासरे आमटीत पाणी घाला म्हणाले असते. आमचे नाना मिठाच्या बरणीपासून सुरुवात करायचे.

एकदा शाळेत निघताना माझी कपाटाची किल्ली सापडेना. मी तेव्हा एका शाळेत मराठी शिकवत होते आणि त्या दिवशी परीक्षेचे पेपर कपाटात अडकलेले.

"किल्ली हरवली नाहीये," नाना झोपाळ्यावरून म्हणाले. "ती आहे तिथेच आहे. तू आत्ता इथे उभी आहेस. त्याच्या आधी कुठे होतीस?"

"नाना, माझी बस जाईल हो!"

"जाऊ दे. आधी कुठे होतीस?"

परसात. त्याच्या आधी? मोरीत. त्याच्या आधी तांदूळ काढत होते. किल्ली तांदळाच्या डब्यात होती. बस गेली, मुख्याध्यापिकांची बोलणी बसली आणि वर नाना बरोबर ठरले. चुकीचा माणूस परवडतो, त्याच्यावर चिडता तरी येतं. नेहमी बरोबर असणाऱ्या माणसावर चिडून करायचं काय?

पण एका बाबतीत नानांचं हे मागे जाणं साफ अडलेलं होतं. शेजारच्या घरात त्यांचे धाकटे भाऊ राहायचे, बाळकाका. मुंबईची नोकरी संपवून ते काकूंना घेऊन गावी परत आलेले. दोन घरांच्या मध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा, आणि त्याच्या टोकाला दोघांची सामाईक विहीर. तिच्या कठड्याशी पूर्वी एक फणस होता. त्याचा पाला विहिरीत पडतो म्हणून बाळकाकांनी तो तोडला, आणि तोही नाना एका लग्नासाठी खेडला गेले असताना. परत आल्यावर नाना काहीतरी बोलले, बाळकाका त्यावर काहीतरी बोलले आणि दोघांचं बोलणं जे थांबलं ते थांबलंच. हे सगळं मी येण्याआधीचं. काय बोलले होते ते मला ना सुहास सांगू शकला, ना काकू.

गणपती मात्र एकच, थोरल्या घरी, म्हणजे आमच्याकडे. आरतीची वेळ झाली, निरांजन लागलं, तरी नाना सुरुवात करायचे नाहीत. "वात नीट कर गो," म्हणायचे. वात नीट असायची. "कापूर कुठाय?" कापूर समोरच असायचा. मग बेड्याची, म्हणजे आमच्या फाटकाची, काठी सरकवल्याचा आवाज यायचा, बाळकाका आत येऊन खळ्यात, पुढच्या अंगणात, उभे राहायचे, आणि इकडे नाना एकदम खणखणीत आवाजात आरती सुरू करायचे. बाळकाका बाहेरून साथ द्यायचे. सूर असा जुळायचा की अंगावर काटा यावा. आरती संपली की प्रसाद मी बाहेर नेऊन द्यायचा. काका तो कपाळाला लावून, पायरी न चढता परत जायचे. नाना तोवर पाठ करून समईत तेल घालत असायचे. दर वर्षी मला वाटायचं, ते तबक दोघांच्या मध्ये आपटावं.

एका वर्षी मी सरळ विचारलं. "नाना, सगळ्या जगाला मागे मागे नेता. ह्या भांडणात एकदा जा की मागे. पहिली खूण कोणाची?"

नानांनी पायाने झोपाळा थांबवला. "तसं जाता येत नाही गो. आपल्याला जिंकता येत असेल तर सोडायचं नाही, आणि समोरच्याला जिंकू द्यायचं नाही. दोघं असे नेमाने खेळलेत असं धरलं, तरच मागे जाता येतं. आमच्यात नेम राहिला नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे काही नाही. चहा टाक."

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हते. गडग्यावरून करंज्यांचे डबे गेले, तिकडून फणसपोळी आली. काकूंचं आणि माझं मेतकूट जमलं. पण त्या दोघांवर ढिम्म परिणाम नाही. दोघे रोज विहिरीवर जायचे, आपापला पंप चालू करायला. नाना सकाळी लवकर, बाळकाका उन्हं वर आल्यावर. वेळा इतक्या चोख, की चुकूनही समोरासमोर येऊ नयेत. मी कधी तिकडे फिरकत नसे. नळ आल्यापासून विहिरीशी माझं कामच नव्हतं, आणि वाटेत अळवाचं रान माजलेलं.

मग बाळकाका आजारी पडले. पोटाचं दुखणं होतं. मुंबईला नेऊन आणलं आणि डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. काका अंथरुणाला खिळले, पंप काकू चालू करू लागल्या.

एका सकाळी काकूंनी मला गडग्यापाशी हाक मारली. "नानांना म्हणावं, एकदा येऊन जा. हे रोज विचारतात गो. डोळे उघडले की पहिलं तेच, नाना विहिरीवर आला होता काय, काय करत होता. मी म्हणते, पंप चालू करायला आले होते, आणि काय करणार? मग तोंड फिरवून झोपतात."

मी तशीच घरात आले. नाना पेपर वाचत होते. मी निरोप सांगितला.

"बघू," नाना म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही "बघू." त्याच्या पुढच्या दिवशीही. दहा पावलांवर सख्खा भाऊ मरायला टेकलेला आणि हे विहिरीपर्यंत जातात, कठड्याशी उभे राहतात आणि परत येतात. शेवटी माझा तोल गेला. सासऱ्यांवर मी आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. म्हटलं, "तुमची अक्कल जाळायचीय काय? तो माणूस चालला हो नाना! कोण चुकलं, कोण बरोबर, काय घेऊन बसलात? उठा आणि जा!"

नानांनी पेपर खाली ठेवला. त्यांचा चेहरा इतका थकलेला मी कधी पाहिला नव्हता.

"ओरडत्येस कशाला गो? माझी खेळी राहिल्येय. ती मी खेळलो, की संपलंच सगळं. जितके दिवस नाही खेळत, तितके दिवस तो आहे."

मी कपाळावर हात मारला. मरणाच्या दारातही ह्या माणसाला खेळच सुचतो, असं मनात म्हटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. दुःखापेक्षा त्यात संतापच जास्त होता.

बाळकाका गेले. नाना गेले तिकडे, सगळ्यांबरोबर खळ्यात उभे राहिले. तिरडी उचलताना पुढचा खांदा त्यांनी दिला. डोळ्यांत पाणी नाही. स्मशानातून परत आले, आंघोळ केली आणि थोड्या वेळाने बघते तर झोपाळा रिकामा. ऊन अजून होतं. मी अळवातून वाट काढत विहिरीपर्यंत गेले.

नाना कठड्याशी उभे होते, हातात एक लांब खिळा. मला बघून ते बाजूला झाले.

कठड्याच्या सिमेंटवर, बरोबर दोघांच्या हद्दीच्या मध्ये, फुल्ली-गोळ्याचा डाव कोरलेला होता. चार कोपऱ्यांत चार फुल्ल्या. कोपऱ्यांच्या मधल्या, कडेच्या चार चौकोनांत चार गोळे. आठही खुणा पावसाने आणि शेवाळाने सारख्याच काळ्या पडलेल्या. आणि मधल्या चौकोनात पाचवी फुल्ली.

मला शिकवलं त्यांनीच होतं, मी मागे मागे गेले. फुल्ल्यांच्या दोन्ही तिरप्या ओळी पुऱ्या झालेल्या, दोन्ही मधल्या चौकोनातून जाणाऱ्या. म्हणजे मधली फुल्ली शेवटची. मी तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाला सिमेंटची पांढरी भुकटी लागली. ती आत्ताच पडली होती.

मग त्याच्या आधी? त्याच्या आधी मधला चौकोन रिकामा. समोरासमोरचे दोन कोपरे भरले तेव्हाच नानांना मध्ये फुल्ली मारून जिंकता आलं असतं. समोरासमोर दोन गोळे आले तेव्हा बाळकाकांनाही आलं असतं. नाना कोपऱ्यात गेले, काका कडेला गेले, पुन्हा नाना कोपऱ्यात. दोघांना दिसत होतं आणि दोघेही मधला चौकोन टाळून खेळत राहिले. जो जिंकेल त्याने डाव संपवल्यासारखं होणार होतं. मग बाकी एकही चौकोन उरला नाही, आणि खेळी नानांची आली. कधीतरी एक खूण करायची, मग दुसऱ्याने सकाळी येऊन ती बघायची, एवढंच त्यांचं बोलणं उरलं होतं. काका रोज काकूंना काय विचारत होते ते मला आत्ता कळलं.

"शेवटची मधली," मी म्हटलं.

"हं. आणि पहिली कुठली?"

मी पुन्हा बघितलं. चारही कोपरे सारखेच. "ते ह्यावरून नाही कळत, नाना."

"नाही ना कळत? मग भांडणातली पहिली कुणाची, ते मला तरी कुठून कळणार होतं?" नाना खिळा बोटांत फिरवत म्हणाले. "नेम कुणीच पाळला नाही बघ. तोसुद्धा गाढव."

मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. मला इतका राग आला की तो खिळा हिसकावून विहिरीत फेकावासा वाटला. एवढी अक्कल दोघांना! एकमेकांना हरवायचं नाही हे न बोलता ठरवण्याएवढी. आणि दहा पावलं चालून "बाळ्या, कसा आहेस?" म्हणायला ती पुरली नाही. "काका तिथं वाट बघत होते हो," मी म्हटलं, "खेळीची नव्हे, तुमची!" आणि मग नाना कठड्यावर डोकं टेकून रडले.

त्यानंतर त्यांनी मला कधीही कोडं घातलं नाही. आमटी खारट झाली तर निमूटपणे जेवायचे. ते मला जास्त छळायचं. पुढे दोन-तीन वर्षांनी ते स्वतः अंथरुणाला लागले. बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. एका दुपारी मी त्यांच्या उशाशी बसून पेपरच्या कडेवर नऊ रिकामे चौकोन काढले आणि बॉलपेन त्यांच्या हातात दिलं.

"नाना, तुम्ही आधी."

विचार करायला ते थांबले नाहीत. त्यांनी पहिली फुल्ली थेट मधल्या चौकोनात मारली आणि बॉलपेन माझ्याकडे सरकवलं.

इतकं सोपं होतं, नाना. मी गोळा काढला, पण मला तो नीट दिसत नव्हता.