मामंजींच्या गाडीचे मिस्त्री

उमरग्यात हायवेला लागून गॅरेजं पुष्कळ आहेत, पण इंचाच्या मापाचे जुने पाने फक्त गुरुसिद्धप्पा मिस्त्रींकडं. आमच्या मामंजींची बीएसए मोटारसायकल विलायतेत बनलेली, तिच्या नटांना आताचे पाने बसत नाहीत. मिस्त्री ते पाने धोतराच्या फडक्यात गुंडाळून ठेवतात, आणि कपाळाला विभूती लावल्याशिवाय त्या फडक्याची गाठ सोडत नाहीत. मामंजी गेले, गाडी ह्यांच्याकडं आली, आणि गाडीबरोबर मिस्त्रीही आले.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा गाडीखालच्या तेलाच्या डागांनी जीव मेटाकुटीला यायचा. सारवलेल्या अंगणात रोज नवा डाग. तेव्हा मिस्त्रींनी मला एक काम लावून दिलं. गाडीखाली ताटली ठेवायची, रात्रीतून किती थेंब पडले ते बघायचं, वाढले तर त्यांना कळवायचं. मी रोज हरिपाठ झाल्यावर वहीत दिवसभराचं चार ओळींत लिहिते, त्यातच थेंबही लिहायला लागले. तेव्हापासून मिस्त्री दारात आले की आधी पाणी मागत नाहीत, "अक्का, वही काय म्हणती?" असं विचारतात.

त्यांचं खरं कसब बोटांत. इंजनाला ठिणगी देणारे पॉइंट असतात, त्यांच्यातली फट पोस्टकार्डाच्या जाडीएवढी लागते. मिस्त्री खरंच पोस्टकार्डाचा तुकडा घालून ती जुळवायचे. पण वर्षभरापासून त्यांचा हात थरथरतोय. श्रावणात फट चुकली, किक उलटी बसली आणि ह्यांचा घोटा सुजला. मिस्त्री त्या दिवशी चहा न घेताच गेले.

आठ दिवसांनी तेच म्हणाले, की पॉइंट काढून टाकू, बिनपॉइंटची इलेक्ट्रॉनिक डबी बसवू. जोडीला बारा व्होल्टची बॅटरी, म्हणजे कंदिलासारखा मिणमिणता दिवाही लख्ख पडेल. ह्यांना ते पटेना. वडिलांची वस्तू आहे तशी राहावी, असं ह्यांचं म्हणणं.

हे शाळेत शिकवतात, म्हणून मिस्त्री ह्यांना गुरुजी म्हणतात. "गुरुजी, गाडी जुनी ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले, "पर माझं हात जुनं झालं, त्याला काय करू? विरेश म्हणतोय, टपरी बंद करा अन् सोलापूरला येऊन ऱ्हावा. ही गाडी जमली न्हाय, तर पोराचं ऐकतो."

त्यांचा विरेश सोलापूरला नोकरीला आहे. बाप अजून उन्हातान्हात पाने फिरवतो याची त्याला लाज नाही, काळजी आहे. म्हणून तर मिस्त्रींना त्याला नाही म्हणता येत नव्हतं.

शेवटी हे हो म्हणाले आणि घटस्थापनेला काम झालं. पहिल्या किकला गाडी बोलली. दिवा असा पडला की समोरच्या दुकानातले लोक बाहेर आले. हे हसले, म्हणजे पटलं.

दसऱ्याला सीमोल्लंघनाला गाडी गावाच्या शिवेबाहेर न्यायची, ही मामंजींची रीत. दुपारी ह्यांनी किक मारली. गाडी चालू होईना. वीस-पंचवीस किका झाल्या, शर्ट भिजला. मिस्त्रींना फोन केला, ते नवं धोतर नेसून तसेच आले. प्लग काढला तर काळा आणि पेट्रोलनं ओला.

हे म्हणाले, "मिस्त्री, बापाच्या गाडीत नवं घालायला नको होतं."

मिस्त्रींनी प्लग इंजनाला टेकवून किक मारून बघितली. निळी ठिणगी पडत होती. "ठिणगी तर हाय," ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. पुन्हा सगळ्या वायरी तपासल्या. मग फडक्यासकट पाने ह्यांच्यासमोर ठेवले. "जुनं पॉइंट परत लावून देतो. हे पानं तुमच्याजवळच ऱ्हाऊ द्या गुरुजी. मला आता काय करायचं."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला. मिस्त्रींनी तांब्या घेतला आणि सवयीनं विचारलं, "अक्का, वही काय म्हणती?"

मी वही आणली. थेंब रोजच्याएवढेच होते. वरची ओळ आदल्या दिवसाची, खंडेनवमीची होती, ती मी दोनदा वाचली. 'शस्त्रपूजा झाली. गाडीला हार घातला. तोंडाला अक्षता वाहिल्या.' कार्बोरेटरचं तोंड बाजूला उघडंच असतं. गाडी तिथून श्वास घेते असं मिस्त्रींनीच कधी सांगितलेलं, म्हणून कुंकवात भिजवलेल्या अक्षता मी भक्तिभावानं तिथंच वाहिल्या होत्या.

मी दोघांना सांगून टाकलं. मिस्त्री खाली बसले, मोबाईलचा उजेड कार्बोरेटरच्या तोंडात टाकला. आत हवेचं बारीक भोक आहे, त्यात तांदळाचा लाल दाणा फुगून रुतून बसला होता. हवा कमी, म्हणून पेट्रोल जास्त. तार धरलेला हात थरथरत होता. दोनदा तार चुकली, तिसऱ्यांदा दाणा बाहेर आला. मिस्त्रींनी तो तळहातावर घेऊन कपाळाला लावला.

"अक्का, इंजनाचं लगीन लावलं व्हय?"

हे आधी हसले. मग मी.

प्लग पुसून बसवला, दुसऱ्या किकला गाडी चालू झाली. ह्यांनी पान्यांचं गाठोडं उचलून मिस्त्रींच्या मांडीवर ठेवलं आणि त्यांनाच मागं बसवून शिवेकडं निघाले. धोतराचा सोगा सावरत, गाठोडं पोटाशी धरून मिस्त्री बसले होते.

आपट्याची पानं घेऊन दोघं परतले, तेव्हा मिस्त्री आमच्या ओट्यावरूनच विरेशशी बोलले. "दिवाळीला येतो. ऱ्हायला न्हाय, भेटायला." एवढं म्हणून फोन ठेवला आणि पाणी मागितलं.

आता मी कुंकू टाकीलाच लावते. आज थेंब चार.