उजवा रकाना

वानखडे सरांचा मराठीचा तास सुरू झाला की शेजारच्या वर्गातला माझा इतिहासाचा तास धोक्यात यायचा. अर्ध्या तासात ते दारात उभे. बोटांना खडू, शर्टाच्या बाहीलाही खडू. "सर, दोन मिनिटं या. गोष्ट माही संपली, आता तुमची सुरू होते." ती दोन मिनिटं कधीच दोन नसायची. मी कुरकुरत का होईना, जायचो.

दहावीच्या पोरांना ते एक कथा शिकवत. एका राजाची राज्य करायची मुदत दुपारी बारापर्यंतच असते, म्हणून तो अकरालाच गावातली सगळी घड्याळं बंद करायला लावतो, आणि घड्याळं दुरुस्त करणारे घड्याळजीही गप्प बसतात. पोरं खो खो हसायची. हसून झालं की सर फळ्याच्या मधोमध रेघ ओढत. डाव्या रकान्यात गोष्ट, उजव्यात इतिहास. बंद घड्याळांसमोर पुढे ढकललेली निवडणूक, गप्प बसलेल्या घड्याळजींसमोर अग्रलेखांच्या कोऱ्या जागा. आणीबाणीचा तो उजवा रकाना भरायला मी. एखादं पोर गोंधळलंच, तर सर पोळ्याच्या तोरणाखाली म्हणतात त्या टोमणेबाज ओळींवर येत. "पोयाले झडती म्हनतो ना आपन? नाव बैलाचं, अन् टोला पाटलाले. बस, तसंच हे."

मागच्या वर्षी त्यांच्या मनानं घेतलं, की हा रकाना माझ्याऐवजी गावानं भरावा. आणीबाणीत आपल्या गावात काय झालं, ते घरच्या म्हाताऱ्यांना विचारून या, असं त्यांनी पोरांना सांगितलं. जुनं उकरू नका, असं मी म्हटलं. त्यावर ते म्हणाले, "इतिहास दिल्लीतच होते काय, सर? आपल्या गावाले सुट्टी होती?"

बहुतेक पोरांनी 'काही आठवत नाही' एवढंच लिहून आणलं. वैष्णवी नावाच्या मुलीनं मात्र पानभर लिहिलं. तिच्या आजोबांना ट्रकात घालून नसबंदीच्या शिबिराला नेलं होतं, आणि ट्रक भरून देणारे होते आमच्या संस्थेच्या अध्यक्षांचे वडील. त्यांचा हार घातलेला फोटो मुख्याध्यापकांच्या खोलीत आहे. पडताळल्याशिवाय फळ्यावर काही लिहायचं नाही, हा सरांचा नेम. ते मला घेऊन वैष्णवीच्या घरी गेले. म्हातारा ओट्यावर शेंगा फोडत बसला होता. "हिचा बाप तवा दीड वर्साचा होता," तो म्हणाला. "त्याच्यामांगं लेकरू नाही झालं. आजवर मले कोनी इचारलंच नाही." आणखी दोघा म्हाताऱ्यांनी तेच सांगितलं. हे खरं आहे, हे मला तिथंच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी सरांनी ते उजव्या रकान्यात लिहिलं. नाव टाकलं नाही, 'गावातले एक वजनदार गृहस्थ' एवढंच. पण झडतीत तरी पाटलाचं नाव कोण घेतं? सगळ्या वर्गाला कळलं. पोळ्याला झडतीचा राग कोणी धरत नाही, हा आमच्याकडचा रिवाज. तो शाळेतही चालतो, असं त्या भल्या माणसाला वाटलं. संध्याकाळपर्यंत फळ्याचा फोटो अध्यक्षांच्या मोबाईलवर पोचला होता.

चौकशी झाली, सरांबरोबर मलाही बोलावलं. अध्यक्ष फार सौम्य बोलले, चहाही पाजला. सरांनी वर्गात राहायचं की नाही, हे माझ्या एका उत्तरावर आहे, असं त्यांनी सरळच सांगितलं. "इतिहासाचे शिक्षक तुमी. हा इतिहास आहे का?"

माझी निवृत्ती दीड वर्षावर होती. सूनबाई त्याच संस्थेत लागलेली, अजून कायम व्हायची होती. हे सगळं मी आता सांगतोय, पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. सर माझ्याकडे पाहत होते, अगदी निर्धास्त. मी म्हणालो, "पुस्तकात नाही."

सरांची बदली संस्थेच्या कारंजाकडच्या शाळेत झाली, तीही कार्यालयात, हजेरीपट लिहायला. तेवीस वर्षं शिकवलेल्या माणसाच्या हातचा खडू काढून घेतला. मी काही करू शकलो नाही. जे करता आलं असतं, ते त्या एका उत्तरात घालवून बसलो होतो.

ते निघाले त्या सकाळी मी एसटी स्टँडवर गेलो. माफी मागायची होती, पण मी गाडीची वेळच विचारत राहिलो. गाडी लागली. त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सर, तुमी खोटं नाही बोलले," ते म्हणाले. "पुस्तकात नाहीच ते. म्हनून तर आपन दोघं त्या ओट्यावर गेलो होतो."