डाव्या सीटचा ब्रेक

ब्रेक नव्हता. मी जिवाच्या आकांतानं पाय खाली दाबला आन पायाखाली नुसती रबराची चटई. दाबते, परत दाबते, टाच घसरते, आन समोरची लहान पांढरी गाडी एकदम दिसेनाशी झाली. गेली कुठं? आत्ता तर होती. मग आवाज आला, फार मोठा पण न्हाय, रिकामा डबा चाकाखाली यावा तसा. आमची गाडी जराशी वर उचलल्यासारखी झाली आन थांबली. मांडीवर माझं पोर झोपलं होतं. मी त्याला छातीशी आवळलं, त्यानं कूस बदलली, बस. उठलंसुद्धा न्हाय.

"बाळाला लागलं का? बाळाला लागलं का?" स्टेअरिंगवरनं हे विचारत होते. मी न्हाय म्हटलं. मग खाली वाकून काचेतनं बघितलं तेव्हा ती गाडी दिसली, आमच्या बॉनेटच्या खाली, डाव्या बाजूनं चेपलेली, टपावर लाल एलचा बोर्ड वाकडा झालेला. त्या गाडीचा एक एक ओरखडा मला पाठ होता. मी तिच्यातच शिकले होते. आन जिथं आमचा स्टीलचा गार्ड आत घुसला होता तिथं, डाव्या सीटवर, बाळाराम मास्तर बसायचे.

तुम्ही त्यांना बघितलेलं न्हाय म्हणून सांगते. बुटका माणूस, कशेळीचा, खाडीकाठचा, पांढरा शर्ट, खिशात कंगवा, डोक्यावर केस चार. एसटीवर अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर ती एक जुनी गाडी घेतली आन धामणकर नाक्याला एका झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बोर्ड लावला, गाडी शिकवतो म्हणून. ऑफिस म्हणजे एक स्टूल. पोरी, बायका त्यांच्याकडं जास्त यायच्या, कारण ते ओरडत नव्हते.

मी वाड्याकडची, शेतातली, सातवीपर्यंत शाळा. लग्न होऊन वडप्याला आले. आमच्या पोराला ताप आला की झटके यायचे. एकदा भर दुपारी आला झटका आन हे गोडाऊनवर, रिक्षा मिळेना, हायवेला मी पोर घेऊन हात करत उभी, एकेक ट्रेलर असा जातो की पदर उडतो, कोण थांबत न्हाय. त्या दिवशी संध्याकाळी हे सासूबाईंसमोर म्हणाले, "हिला गाडी शिकवायची. कोण काय बोलंल ते बोलू दे." ते मी विसरणार न्हाय. माणूस वाईट न्हाय माझा. हे लक्षात ठेवून पुढचं ऐका.

पहिल्या दिवशी मी स्टेअरिंगकडं गेले तर मास्तर म्हणाले, "तिकडं नको गो बाय. डावीकडं बस." मला वाटलं बाईमाणूस म्हणून चेष्टा करतात. पण त्यांची रीतच तशी. पहिले चार दिवस गाडी तेच चालवणार आन शिकणाऱ्यानं डाव्या सीटवर बसायचं. त्या गाडीला दोन ब्रेक होते, एक चालवणाऱ्याच्या पायात, एक डावीकडं. त्या डावीकडच्या ब्रेकवर आपण पाय ठेवायचा.

"भीती वाटली का दाब," म्हणाले.

"मास्तर, मला तर सगळ्याचीच भीती वाटते."

"मग तू पास."

खरंच सांगते, मी किती वेळा दाबला असंल. कुत्रं दिसलं दाब, शाळेची पोरं दिसली दाब, रिक्षा नुसती वळायचा विचार करती असं वाटलं तरी दाब. मागनं हॉर्न, शिव्या. एक टेंपोवाला ओरडला, "ए चाचा, घर जाके खेलो!" मास्तर खिडकीतनं म्हणाले, "हां भाई, घर जानेकाच सिखा रहा हूँ." आन मला म्हणाले, "लाजू नको. ज्याला भीती वाटत न्हाय त्याला मी लायसन देनार न्हाय. भीती म्हंजे अक्कल, ती पायात उतरली पायजे." मला आजपर्यंत आईनं, मास्तरणीनं, सासूनं सगळ्यांनी भित्री भित्री म्हणून हिणवलं. ह्या माणसानं त्याचे मार्क दिले.

पाचव्या दिवशी उजवीकडं बसवलं. मग दर वेळी त्यांचं एकच वाक्य, "भिऊ नको. ब्रेक माझ्याजवल हाय." ते ळ ला ल म्हणायचे, खाडीकडचे म्हणतात तसं. मी महिनाभरात नाक्यातनं गाडी काढायला लागले. लायसन आलं. पेढे दिले तर अर्धा खाल्ला, अर्धा कागदात बांधला, "म्हातारीला."

तेवढ्यात आमच्याकडं जमीन गेली गोडाऊनला आन त्या पैशात मोठी गाडी आली. काळी. तिच्या पायरीवर चढून आत बसायचं. पूजा झाली, लिंबं चाकाखाली घातली, हार घातला. यांनी पुढं स्टीलचा जाडजूड गार्ड बसवून घेतला. यांचा मोठा भाऊ मोटारसायकलवर असताना हायवेला कंटेनरखाली गेला होता, मी लग्न होऊन यायच्या आधी. म्हणून यांचं एकच, आपण मोठ्यातच बसायचं. मला पण बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. वर बसलं की रिक्षा, स्कूटर, लहान गाड्या सगळं खाली खाली, खेळण्यातलं. वाटायचं माझ्या पोराला आता कोण हात लावत न्हाय.

मास्तरांना चहाला बोलवलं होतं. ते गाडीभोवती एक फेरी मारून गार्डपाशी थांबले. बोटानं वाजवून बघितला.

"कोनाला फोडाया निंगालास रं?"

हे हसले. "मास्तर, आत माझं पोर बसणार. मला आतल्याचं बघायचंय."

"आन भायेरच्याचं?"

"त्यानं पण मोठी घ्यावी."

मास्तरांनी गार्डवरचा हात काढला. मग मला म्हणाले, "बाय, वर बस." मला स्टेअरिंगवर बसवलं आन घरातनं हंडे आणवले. सासूबाई ओरडायला लागल्या, "अवो, माझं पाण्याचं हंडं!" त्यांनी गाडीच्या पुढं ओळीनं हंडे मांडले, चिकटून पहिला, मग एक पाऊल सोडून दुसरा, तिसरा. आन विचारत गेले. पहिला दिसतो? न्हाय. दुसरा? न्हाय. तिसरा? न्हाय. घरातले सगळे हंडे संपले, कळशीपण मांडली, शेवटच्या कळशीचं नुसतं तोंड दिसलं. मग मास्तर स्वतः दिसेनासे झाले. मी मान उंच करून बघते तर अंगणात कोणच न्हाय. खालनं आवाज आला, "बाय, मी हितंच हाय. गाडीच्या तोंडाशी बसलोय." ते उकिडवे बसले होते, बॉनेटच्या पुढं. सगळे हसले. मी पण हसले.

उठताना गुडघे धरून म्हणाले, "मी अठ्ठावीस वर्सं बस चालवली, मना म्हाईत हाय. गाडी मोठी झाली म्हंजे डोला मोठा होत न्हाय. बारका चुकनार, सायकलवाला चुकनार, शिकाऊ तर चुकनारच. मोठ्यानं आधी थांबायचं. एक कुत्रं मारलं न्हाय मी." ही त्यांची एकच बढाई. कुणाला पण सांगायचे, पानवाल्याला, पोलिसाला, एक कुत्रं मारलं न्हाय.

ते गेल्यावर हे म्हणाले, "म्हातारा चांगलाय, पण हंडे रोडवर नसतात." त्यानंतर मोठी गाडी मला कोणी दिली न्हाय. सासऱ्यांनी सांगितलं, एवढी महाग गाडी बाईच्या हातात नको. मग मी डाव्या सीटवर. पोर मांडीवर. आन माझा पाय आपोआप खाली दाबायचा. हे बघायचे आन हसायचे. एकदा मी बोलले पण, "सावकाश हो." तर सासूबाईंच्या देखत म्हणाले, "चार दिवस शिकली आन आता मला शिकवती." तेव्हापासून मी तोंडानं बोलायचं सोडलं. पायानं बोलायचे.

त्या दिवशी पोराला डॉक्टरकडं दाखवून परत येत होतो. चारेक वाजले असतील, नाका मागं पडला, रस्ता जरा मोकळा झाला. पुढं ती लहान गाडी, सावकाश, शिकाऊ चालते तशी. हे हॉर्नवर हॉर्न. मी म्हटलं, आपले मास्तर हायेत. हे म्हणाले, "असू दे ना, बाजूला व्हायला काय झालं?" आन अगदी जवळ गेले, इतके जवळ की तिची मागची काच मला दिसेना, नुसता टप दिसायचा. तेवढ्यात यांचा फोन वाजला आन हे खिशात हात घालायला लागले.

आन मला दिसलं. मी उंच बसले होते ना, मला त्या टपावरनं पलीकडचं सगळं दिसत होतं. डावीकडच्या गल्लीतनं एक हातगाडी आली, लूमच्या, मागावरनं उतरलेल्या कोऱ्या कापडाचे तागे भरलेली. एक तागा घसरला आन रस्त्यावर उलगडत गेला, पांढराशुभ्र. ओढणारा म्हातारा तो गोळा करायला वाकला. मला कळलं मास्तर आता दाबणार. मास्तर माणसासाठी दाबणारच. मी पण दाबला. दोघांनी एकाच वेळी दाबला असंल. त्यांच्या पायाखाली ब्रेक होता, त्यांची गाडी थांबली. माझ्या पायाखाली चटई होती.

तोंडातनं एक शब्द काढायचा होता मला. "थांबा." तेवढाच. न्हाय निघाला. यांनी वर बघितलं आन स्टेअरिंग डावीकडं मारलं, आन पुढचं मी सांगितलंच हाय.

मी उतरले. पायरीवरनं उडीच मारली पोरासकट. चालवणारी पोरगी, रेश्मा नाव, लूमवाल्याची मुलगी, वीस-एकवीसची, तिचा पाय अडकला होता आन ती ओरडत होती, "सर, सर, सर." मास्तर जागीच गेले होते. काचेच्या चुऱ्यात त्यांचा कंगवा पडला होता. त्यांचा पाय तसाच ब्रेकवर होता. हातगाडीवाला म्हातारा भ्याला, गाडी तिथंच टाकून पळाला, तो आजपर्यंत कोणाला सापडला न्हाय. कापड लोकांनी तुडवलं, मग तेपण कोणीतरी उचलून नेलं.

संध्याकाळी घरात सासरे, दोन ओळखीची माणसं, आन जबाब लिहायला एक हवालदार. मला बाहेर बोलवलं. सासरे म्हणाले, "सूनबाई, लांबडं लावायचं न्हाय. पोरगी शिकाऊ होती, तिनं मधेच ब्रेक मारला, समोर काय नव्हतं. बस." मी यांच्याकडं बघितलं. हे पोराला मांडीवर घेऊन बसले होते, डोळे सुजलेले, माझ्याकडं बघत नव्हते. हवालदारानं लिहून कागद पुढं केला. मी हळू वाचते, बोट ठेवून. रस्ता मोकळा होता, समोर कोणताही अडथळा नव्हता, असं लिहिलं होतं. मी त्या ओळीवर बोट ठेवून बसले. सासूबाई मागनं म्हणाल्या, "कर गो सही, चहा निवला." मी केली.

मग लोकांनी पुढचं आपलं आपण जोडलं. त्या गाडीला डावीकडं पण ब्रेक होता हे निघालं तर म्हणायला लागले, म्हाताराच चुकला असंल, वय झालेलं, पाय पडला असंल चुकून. मास्तर. एक कुत्रं न मारलेले. आन केस त्या पोरीवर, म्हणे बेजबाबदारपणे ब्रेक मारला. आमची गाडी तीन दिवसांत गॅरेजमधनं परत आली. फक्त गार्ड बदलला. बाकी तिला काय झालंच नव्हतं.

परवा रेश्मा आली होती. काखेत काठी. एकटीच, रिक्षानं, वडप्यापर्यंत. मी दारातच उभी राहिले, आत ये म्हणायचं सुचलं न्हाय. ती रडली न्हाय, भांडली न्हाय. म्हणाली, "दीदी, मेरेको तो कुछ दिखा नहीं, मैं गियर देख रही थी. ब्रेक सर ने मारा. सर बिना वजह नहीं मारते, तुमको मालूम है, तुमको भी सिखाया है उन्होंने. तुम तो ऊपर बैठी थी. ऊपर से तो सब दिखता है ना?"

आतनं यांचा आवाज आला, "कोण हाय गं?"

मी म्हटलं, "कोणी न्हाय." आन तिला म्हटलं, "मेरेको कुछ नहीं दिखा."

ती माझ्या पायाकडं बघत होती. मी पण बघितलं. उभ्या उभ्या मी उजवा पाय उंबऱ्यावर दाबून धरला होता, बोटं पांढरी पडलेली.

उद्या कोर्टात मला उभं करणार हायेत. वकिलानं सांगितलंय, तीच ओळ बोलायची, रस्ता मोकळा होता. हे रात्रीचे झोपत न्हायेत, काल म्हणाले, "तू म्हणशील ते. पण मी आत गेलो तर पोराला झटका आल्यावर कोण नेणार?" आन खरं हाय ते. सासरे मला चावी देणार न्हायेत. हायवेला हात करून कोण थांबत न्हाय, ते मी बघितलंय. खरं बोलले तर या घरात माझं आन पोराचं काय, ते पण मला म्हाईत हाय. आन न्हाय बोलले तर मास्तर कायमचे तिथंच राहणार, बॉनेटच्या पुढं उकिडवे बसलेले, कोणाला न दिसणारे. बाय, मी हितंच हाय.

मला भीती वाटते. ते म्हणायचे भीती वाटली का दाब. पण इथं काय दाबू? माझ्याजवळ ब्रेक न्हाय.

तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही त्या उंच सीटवर असता, मांडीवर निजलेलं पोर, शेजारी नवरा, समोर कापड गोळा करणारा म्हातारा, तर तुमच्या तोंडातनं शब्द निघाला असता का? आन तेव्हा न्हाय निघाला, तर उद्या तुम्ही काय बोलला असता?